स्नायूंच्या मुलुखाची हद्द

मराठी राज्यात गावशिवेचा तंटा एकदा उपस्थित झाला म्हणजे तो बापाकडून लेकाकडे आणि लेकाकडून नातवाकडे वतनाबरोबरच वारशाने जात असे. गोतसभा भरत, महजर होत, निवाडपत्रांवर शिक्के उमटत, आणि तरीही तिसऱ्या पिढीतला कोणी वारसदार जुने कागद काखोटीस मारून पुन्हा सदरेपुढे उभा राहत असे. स्नायूंच्या रोगांचा जो सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, तो बारकाईने पाहणाऱ्यास अशाच एका शिवेच्या तंट्याची कैफियत वाचल्यासारखे वाटते. मनुष्याच्या अंगातले बळ ओसरते, धावता मुलगा अडखळून पडू लागतो, पापणी उचलत नाही, घास गिळवत नाही, तेव्हा दोष कोणाच्या मुलुखात शोधावयाचा? मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांच्या, की ज्या मांसाने प्रत्यक्ष काम करावयाचे त्या स्नायूच्या? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील बहुतेक वैद्यांनी फिर्याद ऐकण्यापूर्वीच या प्रश्नाचा निकाल लावून टाकला होता. मज्जातंतू हुकूम देणारे आणि स्नायू केवळ ताबेदार. ताबेदाराने काम थांबविले तर त्याच्यापर्यंत हुकूम पोचला नसला पाहिजे, असे ते धरून चालत. स्नायूस स्वतःचा असा काही आजार असू शकेल, ही गोष्ट त्या काळच्या वैद्यकाच्या दफ्तरात दाखलच नव्हती.

नेपल्स येथील असाध्य रोग्यांच्या इस्पितळातून गाएतानो कोन्ते याने सन १८३६ मध्ये दोन भावांची हकीकत प्रसिद्ध केली होती, ती या बाबतीत सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. परंतु कोन्ते याने त्या विकाराची गणना गंडमाळेच्या एका प्रकारात केली आणि ती हकीकत तेथेच पडून राहिली. खरा दावा प्रथम दाखल केला तो लंडनच्या एडवर्ड मेरियन याने. डिसेंबर १८५१ मध्ये तेथील रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे त्याने एक निबंध वाचला व पुढच्या वर्षी तो छापून आला. एकाच कुटुंबातील भाऊ एकामागून एक दुबळे होत जातात, बहिणी मात्र धडधाकट राहतात, हे त्याने नोंदवले होतेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की, मृत मुलाचे शवविच्छेदन करून त्याने मज्जारज्जू आणि मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ते निर्दोष असल्याचे सांगितले. स्नायूंच्या तंतूंची स्थिती निराळी होती. त्यांच्या जागी दाणेदार व मेदयुक्त द्रव्य भरले होते, आणि प्रत्येक तंतूवर जे अतिशय पातळ वेष्टन असते ते फाटून नष्ट झाले होते. वेष्टनासंबंधीचे हे निरीक्षण वाचकाने लक्षात ठेवावे अशी विनंती आहे. त्याचा पुरावा हाती येण्यास पुढे पुरते एक शतक आणि वर आणखी पस्तीस वर्षे लागावयाची होती.

मेरियनचे नाव या रोगास मिळाले नाही. ते मिळाले गिओम द्युशेन यास, आणि हा मनुष्य असा आहे की त्याच्यापाशी थोडा वेळ थांबल्याखेरीज पुढे जाववत नाही.

द्युशेन हा उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बूलोन बंदराचा. घराणे दर्यावर्दी, मुलाने समुद्राचा मार्ग धरावा अशी बापाची इच्छा असता त्याने पॅरिसास जाऊन वैद्यक केले आणि सन १८३१ मध्ये गावी परतून दवाखाना मांडला. दोनच वर्षांत बाळंतपणाच्या आजारात पत्नी वारली. प्रसूतीच्या वेळी खुद्द पतीच वैद्य म्हणून हजर होता, या गोष्टीवरून गावात नाही नाही ते बोलले गेले. सासूने नातवाला आपल्याकडे ठेवून घेतले आणि बापलेकांची वर्षानुवर्षे ताटातूट झाली. सन १८४२ मध्ये हा मनुष्य पुन्हा पॅरिसास आला तेव्हा त्याच्यापाशी ना कोणत्या विद्यापीठाची अध्यापकी होती, ना कोणत्या इस्पितळाची सनद. होती ती विजेच्या उपकरणाची एक पेटी. फॅरडेने शोधलेला प्रेरित विद्युत्प्रवाह ओलसर टोकांच्या साह्याने त्वचेवरूनच एका विवक्षित स्नायूत सोडावा, तो स्नायू एकटाच आकुंचन पावेल आणि आपले काम कोणते ते स्वतःच सांगेल, ही त्याची युक्ती. त्यापूर्वी अशा प्रयोगांत कातडीत सुया खुपसाव्या लागत. ही पेटी घेऊन तो साल्पेत्रिएरसारख्या मोठमोठ्या रुग्णालयांतून फिरे, इतरांच्या रुग्णांजवळ बसे, त्यांचा एकेक स्नायू चाचपून पाही, आणि एखादा विशेष रुग्ण दुसऱ्या इस्पितळात हलविला गेला तर त्याच्या मागोमाग तेथेही जाई. पदवीधर मंडळींना हा उपद्रव वाटे. त्यांच्यात शार्को मात्र निराळा निघाला. पुढे मज्जाविकारशास्त्राचा सर्वमान्य आचार्य झालेला हा पुरुष द्युशेनला उघडपणे आपला गुरू म्हणत असे.

या विजेच्या अभ्यासातून १८५५ साली त्याचा पहिला मोठा ग्रंथ निघाला. १८६२ मध्ये मानवी चेहऱ्यावरील भावांचे यंत्र उलगडून दाखविणारा दुसरा निघाला, आणि त्यातील छायाचित्रांचा उपयोग डार्विनने दहा वर्षांनी आपल्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात केला. प्रस्तुत विषयापुरते महत्त्वाचे आहे ते १८६८ साल. पॅरिसच्या एका वैद्यकीय मासिकात द्युशेनने त्या वर्षी १३ मुलांच्या हकीकती देऊन एका रोगाचे समग्र वर्णन केले. पाय फेंगडे टाकीत चालणे, कंबर पुढे काढून उभे राहणे, पोटऱ्या पहिलवानाच्या शोभाव्यात अशा भरलेल्या असणे आणि त्यांत ताकद मात्र नसणे, दर वर्षी दुबळेपणा वाढत जाणे, अखेर हातही निकामी होणे. मौजेची गोष्ट ही की, सातच वर्षांपूर्वी, १८६१ मध्ये, या विकाराचा पहिला उल्लेख करताना त्याने तो मेंदूपासून उद्भवतो असेच लिहिले होते. त्याच्या काही रुग्णांची बुद्धीही मंद होती आणि तेवढ्यावरून तो त्या निर्णयाप्रत आला होता. नंतर त्याने स्वतःच पक्ष बदलला आणि दोष स्नायूच्या पदरात घातला.

हा पालट शवविच्छेदनाने घडला नाही. द्युशेनने एक बारीक नळीसारखी सुई तयार करविली होती. ती रुग्णाच्या स्नायूत खुपसली म्हणजे टोकाशी मांसाचा एक कण अडकून बाहेर येई. जिवंत मनुष्याच्या स्नायूचा तुकडा, तोही पुन्हा पुन्हा, रोगाच्या निरनिराळ्या अवस्थांत काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरणे शक्य झाले ते या सुईमुळे. कण पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की, पोटरीला आलेली ती पुष्टता मांसाची नसून मेदाची व तंतुमय ऊतीची आहे. सुई खुपसण्याचा हा प्रकार तत्कालीन अनेकांना निर्घृण वाटला आणि त्यावर टीकाही झाली. या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणवत नाही, कारण मुलांच्या संमतीचा विचार त्या काळी कोणी करीत नसे. तथापि पुढे जवळजवळ शंभर वर्षे ही रीत मागे पडली आणि १९६२ मध्ये स्वीडनच्या बेर्गस्ट्रम याने तशाच धर्तीची सुई पुन्हा प्रचारात आणली, हेही येथे सांगितले पाहिजे. मेरियनचे रुग्ण निराळ्याच व्याधीचे होते असा द्युशेनचा ग्रह होता. तो चुकीचा होता, पण नाव टिकण्यास तो पुरला. द्युशेनचा मुलगा एमिल मोठेपणी बापाकडे येऊन वैद्यकातच रमला होता. १८७१ मध्ये तो विषमज्वराने गेला आणि चार वर्षांनी, १८७५ मध्ये, बापही गेला.

पुढचा साक्षीदार लंडनचा विल्यम गॉवर्स. तो लघुलिपीचा मोठा पुरस्कर्ता होता, रुग्णाची हकीकत ऐकता ऐकताच टिपून घेई, आणि कदाचित म्हणूनच त्याच्या वर्णनात दुसऱ्याच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टी सापडतात. जमिनीवर बसलेला असा मुलगा उठताना आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर टेकतो, मग मांड्यांवर हळूहळू वर सरकवीत जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहतो. १८७९ मध्ये गॉवर्सने सांगितलेली ही खूण आजही आपल्याकडील शासकीय रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात मुलाला फरशीवर बसवून पाहिली जाते आणि तिला त्याचेच नाव आहे. त्याने आणखी एक गोष्ट ठामपणे मांडली. रोग मुलगे भोगतात, पण तो येतो आईच्या बाजूने. आजारी मुलाचे मामा, मावसभाऊ यांच्यात तो दिसतो, काका वा चुलतभाऊ यांच्यात दिसत नाही. स्त्रीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक सदोष असले तरी दुसरे तिला बहुधा सावरते, मुलापाशी मात्र एकच असते, हे कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. कळल्यानंतरही सर्व बोध एकदम पचला नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत हा दोष आईत नसतोच, तो नव्यानेच उत्पन्न झालेला असतो; असे असताही पोराच्या आजाराचे खापर माहेरच्या रक्तावर फोडणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत.

श्लेस्विगमधील काप्पेल्न गावचा वैद्य युलिउस थॉमसेन याची कथा या सर्वांत चटका लावणारी आहे. त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या एक विचित्र व्यंग होते: मूठ आवळली की ती चटकन सुटत नसे, दचकून पळावयास निघाले तर पाय ताठून जात आणि काही क्षण जागीच खिळल्यासारखे व्हावे लागे. तो स्वतः हे व्यंग भोगत होता व त्यासंबंधी मौन पाळून होता. पण त्याच्या मुलावर लष्करी नोकरी टाळण्यासाठी सोंग करीत असल्याचा आरोप आला, तेव्हा बापाने लेखणी उचलली आणि १८७६ मध्ये आपल्या कुळाचा सर्व वृत्तांत जाहीर केला. मनाचे केवढे धैर्य! आणि तरीही त्या प्रामाणिक मनुष्याने विकाराचे मूळ कोठे सांगितले म्हणाल, तर आनुवंशिक मानसिक प्रकृतीत. मज्जेच्या अंमलाखाली वाढलेल्या वैद्यास आपल्या स्वतःच्या मांसावरही विश्वास टाकता आला नाही. १९९२ मध्ये सिद्ध झाले की, स्नायूच्या वेष्टनातील क्लोराइडचे मार्ग सदोष असल्याने हा ताठपणा येतो. मनाचा त्यात काडीइतका संबंध नाही.

आता हद्दीच्या वादात असा एक टप्पा आला की, दोन्ही पक्षांचे दावे खोटे ठरले. क्लोद बेर्नार याने १८५० च्या दशकात क्युरारे या दक्षिण अमेरिकी बाणविषावर प्रयोग करून दाखविले होते की, हे विष मज्जातंतू मारीत नाही व स्नायूही मारीत नाही. दोहोंच्या मध्ये जेथे हुकूम एकाकडून दुसऱ्याच्या हाती जातो, तेथे ते आडवे येते. म्हणजे शिवेवरच एक तिसरी जागा होती आणि तिचा सातबारा कोणाच्याच नावावर नव्हता. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा विकार त्या जागेचा. लंडनचा टॉमस विलिस याने १६७२ मध्येच एका स्त्रीचे वर्णन करून ठेवले आहे. ती सकाळी नीट बोले, पण बोलता बोलता मुकी होई आणि विसाव्यानंतर वाणी परत येई. या दुखण्याची लक्षणे क्युरारेच्या बाधेसारखी आहेत, मग क्युरारेचा उतारा यावरही का चालू नये, असा सरळ प्रश्न ग्रीनिच येथील सेंट आल्फेज इस्पितळातील मेरी वॉकर या कनिष्ठ पदावरील डॉक्टरबाईंस पडला आणि १९३४ मध्ये त्यांनी फायसोस्टिग्मिन टोचताच मिटलेली पापणी उघडली. मोठ्या संस्थांतील मोठ्या नावांना सुचले नाही ते उपनगरातील इस्पितळात सुचले, याचे प्रस्तुत लेखकास तरी नवल वाटत नाही. पुढे १९६० मध्ये ग्लासगोच्या सिम्प्सन यांनी हा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा अपराध असावा असा तर्क मांडला, आणि १९७३ मध्ये पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत ईल माशाच्या अंगातील ग्राहक प्रथिन सशांना टोचले, तेव्हा ससे त्याच रोगाने दुबळे झाले. स्वकीयांनीच स्वकीयांवर चाल करावी असा हा प्रकार. उपार्जित स्नायुरोगांचे आधुनिक संशोधन बहुतांशी या एका वाटेने गेले आहे.

स्नायूंचा दाह आणि पापण्यांवर जांभळट चट्टे एकत्र दिसणारा विकार लाइपझिगच्या वाग्नर याने १८६३ मध्ये व उनफेरिख्त याने १८८७ नंतर वर्णिला होता. कॉर्टिझोन येईपर्यंत त्यावर सांगण्याजोगा उपाय नव्हता. गेल्या काही वर्षांत मात्र येथे चाललेली उलाढाल थक्क करणारी आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी लाखो लोक घेतात त्या स्टॅटिन गोळ्या क्वचित एखाद्याच्या शरीरात अशी प्रतिपिंडे उत्पन्न करतात की, गोळी बंद केल्यावरही स्नायूंचा नाश चालूच राहतो. २०१० मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी ही प्रतिपिंडे ओळखली. २०२३ मध्ये एरलांगेन येथे सर्व औषधे थकलेल्या एका रुग्णाच्या स्वतःच्या पेशी बाहेर काढून, त्यांत फेरफार करून, प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींचा नायनाट करण्यासाठी त्या परत सोडण्यात आल्या आणि तो रुग्ण सुधारला. एका रुग्णावरून कायदा करता येत नाही, हे खरे.

आनुवंशिक रोगांच्या दालनात निर्णायक वर्षे आली ती १९८६ व १९८७. तत्पूर्वी टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९५९ मध्ये स्नायूतील क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम अशा मुलांच्या रक्तात भरमसाट झिरपलेले असते हे दाखवून निदानाची एक सोपी चाचणी उपलब्ध करून दिली होती. झिरपते त्या अर्थी कोठेतरी छिद्र असणार. पण छिद्र का पडते ते कोणास ठाऊक नव्हते. बॉस्टनमध्ये लुइस कुंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळाच मार्ग धरला. एका मुलाच्या एक्स गुणसूत्राचा एक तुकडाच गळालेला होता. निरोगी मनुष्याच्या गुणसूत्रद्रव्यातून त्या मुलाचे द्रव्य वजा केले म्हणजे जे उरेल त्यात गुन्हेगार जनुक सापडले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर ठरला. जनुक सापडले ते मनुष्याच्या ज्ञात जनुकांत सर्वांत विस्तीर्ण: वीस लाखांहून अधिक अक्षरांचे, ७९ खंडांत विखुरलेले, इतके लांब की पेशीला त्याची एक नक्कल उतरून घेण्यास सुमारे १६ तास लागतात. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला डिस्ट्रोफिन हे नाव मिळाले. लगेच पुढच्या वर्षी त्याचा ठावठिकाणाही लागला. ते स्नायुतंतूच्या वेष्टनाला आतून आधार देत असते. ते नसले म्हणजे प्रत्येक आकुंचनासरशी वेष्टन चिरत जाते. मेरियनने १८५१ मध्ये पाहिलेले ते फाटके वेष्टन! स्नायूच्या बाजूने एवढा निखळ निवाडा दुसरा नसेल. आणि गंमत अशी की, याच जनुकापासून थोडी आखूड प्रथिने मेंदूतही बनतात आणि ती बिघडली तर शिकण्यात अडचण येते. द्युशेनचे १८६१ चे, त्याने स्वतःच मागे घेतलेले मत अगदीच निराधार नव्हते.

जनुक सापडताच उपचारही दाराशी आला असे त्या वेळी पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही. डिस्ट्रोफिनचा संकेत ज्या विषाणूच्या पाठीवर लादून स्नायूंत पोचवावयाचा, त्याची क्षमता जेमतेम पाच हजार अक्षरांची आणि मजकूर अकरा हजारांच्या घरातला. मार्ग दाखविला तो १९९० मध्ये एका इंग्रज रुग्णाने: त्याच्या जनुकातील सुमारे निम्मा मजकूर गळालेला असूनही वयाच्या ६१ व्या वर्षी तो चालत होता. म्हणजे मधला भाग गाळूनही प्रथिन बरेच काम देते. या आधारावर तयार झालेल्या आखूड जनुकाच्या उपचारास अमेरिकेत जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली. २०२५ मध्ये चालणे थांबलेल्या दोन मुलांचा तो घेतल्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला, आणि तशा रुग्णांसाठी तो थांबवावा लागला. सदोष खंड वगळून पुढचा मजकूर जुळवून घेणारे पहिले औषध २०१६ मध्ये तेथेच मान्य झाले होते, त्याने निर्माण होणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण फार अल्प आहे. या औषधांच्या किमती ऐकून सामान्य गृहस्थाने हात जोडावेत. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ रोगविषयक धोरणात पुढे ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली, परंतु जनुकोपचाराची एक मात्रा पंचवीस कोटींच्याही वर जाते.

आपल्या मुंबईत या विषयाचे जे काम झाले त्याचा रोख निराळा आहे. कंबर व खांद्यांच्या स्नायूंपासून सुरू होणारा, कॅल्पेन या एन्झाइमच्या अभावाने येणारा एक विकार डॉ. सतीश खाडीलकर व त्यांच्या सहकाऱ्यांना अग्रवाल समाजातील रुग्णांत पुन्हा पुन्हा आढळला, आणि पुढे असे दिसून आले की, त्या रुग्णांतले जनुकदोष मोजकेच, म्हणजे कोणा समान पूर्वजांपासून चालत आलेले आहेत. दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची जी चाल आहे, तसला प्रकार या समाजात नाही. एका गोत्रात विवाह तेथे निषिद्ध. तरीही जातीबाहेर सोयरीक न करण्याच्या नियमाने शतकानुशतके तेच रक्त त्याच वर्तुळात फिरत राहिले. राजस्थानी मूळ असलेल्या कुटुंबांत पाऊल लटके पडण्यापासून सुरू होणारा आणि मांडीच्या पुढल्या स्नायूला बराच काळ हात न लावणारा जीएनई नावाचा आणखी एक विकार सापडतो. जपानचे नोनाका आणि जेरुसलेमचे आर्गोव्ह यांनी १९८१ व १९८४ मध्ये तो वर्णिला, तेव्हा जपानी लोक आणि इराणी यहुदी यांच्यापुरताच तो असल्यासारखा भासला होता. पेढीसाठी मुलूख सोडून मुंबईस आलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या वहीखात्यांबरोबर हेही आणले होते. विवाहापूर्वी दोन्हीकडच्यांनी रक्त तपासून घ्यावे, ही सूचना वैद्य करतात आणि ती बरोबर आहे; मात्र वाहक ठरलेल्या मुलीचे नाव बोलण्यातून कसे गळते, हे ज्याने एखादी तरी सोयरीक मोडताना पाहिली आहे त्याला निराळे सांगावयास नको, आणि चाचणी समाजात रुजवावयाची तर ती मुलांपासून सुरू करणे अधिक शहाणपणाचे होईल.

दरम्यान द्युशेनच्या मुलांचे आयुष्य वाढले आहे. न्यूकॅसलच्या नोंदींनुसार १९६० च्या दशकात अशा मुलास सरासरी १४ व्या वर्षी मरण येई. १९९० नंतर रात्री श्वसनयंत्राचे साह्य मिळालेल्यांत ते वय २५ च्या पुढे गेले. हे काम जनुकाने केले नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या, पाठीचा कणा सरळ ठेवणारी शस्त्रक्रिया, हृदयाची वेळेवर तपासणी आणि नाकावर बसविलेला तो मुखवटा, एवढ्यांनी केले, आणि यांपैकी बहुतेक गोष्टी आपल्याकडील जिल्हा रुग्णालयास पैशाच्या अभावी अशक्य आहेत असे नाही.